एकट्याच्या मैफलीला जाताना

बँडसोबतच्या कार्यक्रमात चुका झाकायला जागा असते. ड्रमवाला लय धरून बसलेला असतो, बास खालची बाजू भरून काढतो, गायक एखादी ओळ विसरला तरी गाणं पुढे सरकतं. मंचावर एकच माणूस आणि एक अकूस्टिक गिटार असली की ही सगळी सोय जाते. श्वास घेतलेला ऐकू येतो, जाड तारेवरून बोट सरकल्याचा किर्र आवाज येतो आणि तिसऱ्या रांगेतला खोकलाही त्यातच मिसळतो. आवडत्या गायक-गीतकाराचा असा कार्यक्रम असेल, तर तिकीट काढण्यापलीकडे थोडी माहिती गाठीशी असावी. समोर काय चाललंय हे कळत असेल तर दोन गाण्यांमधली खुडबुडसुद्धा कार्यक्रमाचाच भाग वाटते.

सुरुवात जागेपासून. पहिली रांग मिळाली म्हणजे सगळं मिळालं, हे या प्रकारात खरं नाही. मुख्य स्पीकर मंचाच्या दोन बाजूंना किंवा वर टांगलेले असतात आणि त्यांचं तोंड सभागृहाच्या मध्याकडे असतं. पहिल्या रांगेवरून तो आवाज निघून जातो. तिथे बसणाऱ्याला ऐकू येतो तो मॉनिटरच्या, म्हणजे गायकाला स्वतःचं ऐकू यावं म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरच्या, पाठीकडचा आवाज आणि थोडी थेट गिटार. शब्द मात्र विरघळतात, आणि गीतकाराला ऐकायला जाऊन शब्दच कळले नाहीत तर काय उपयोग? मंचाच्या कडेवर लहान काळे स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवलेले दिसले तर ते खास पुढच्या रांगांसाठी असतात. मग पुढे बसायला हरकत नाही.

बाल्कनीच्या खाली खोलवरची जागा टाळा. वर टांगलेल्या स्पीकरचा आवाज बाल्कनीची कड अडवते, त्यामुळे तीव्र सूर कमी आणि खर्ज जास्त असं मिश्रण कानावर पडतं. मागच्या भिंतीला टेकून बसलं तरी तोच त्रास, कारण खालचे सूर भिंतीजवळ साठतात आणि गिटार घुमायला लागते. सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे मिक्सरच्या, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या टेबलाच्या, एक-दोन रांगा पुढे, मध्यरेषेच्या जवळ. साउंड इंजिनिअर स्वतःच्या कानाला जे बरं वाटतं तेच करत असतो आणि त्याचे कान तिथे असतात.

बोटं बघायची असतील तर हिशोब वेगळा. उजव्या हाताने वाजवणारा गायक गिटारची मान किंचित पुढे काढून धरतो, त्यामुळे पडद्यांची, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, बाजू प्रेक्षकांच्या डावीकडे वळते. म्हणजे मंचाकडे तोंड करून बसल्यावर आपल्या डाव्या हाताकडच्या खुर्च्यांवरून कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे) बोटांनी केलेले आकार नीट दिसतात. गिटार शिकणाऱ्यांनी थोडा आवाज सोडून ही जागा घ्यावी. उभ्याने ऐकायच्या ठिकाणी एवढंच पाहायचं की पेयांच्या काउंटरपासून लांब आणि येण्याजाण्याच्या वाटेबाहेर उभं राहता येतंय का. गप्पा तिथेच होतात.

आता तारांकडे येऊ, कारण अशा कार्यक्रमाची सगळी आखणी तारांभोवती फिरते.

गिटारच्या सहा तारा नेहमीच्या जुळवणीत जाड तारेकडून ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ८२ कंपनं करते आणि सगळ्यात बारीक सुमारे ३३०. अकूस्टिकवर सर्रास चालणाऱ्या हलक्या संचात सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या वर जातो. हा सगळा भार पातळ लाकडी पट्टीवर असतो, म्हणून हवा बदलली की सूर हलतो. मंचावरच्या दिव्यांनी धातूची तार लाकडाच्या आधी तापते, किंचित लांबते आणि उतरते. हवेत दमटपणा वाढला की लाकूड फुगतं, वरची पट्टी उचलली जाते आणि तार चढते. गिटार बनवणारे साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता चांगली मानतात. प्रेक्षकांनी भरलेलं सभागृह त्यात बसेलच असं नाही. संध्याकाळी रिकाम्या सभागृहात जुळवलेली गिटार तासाभराने माणसं भरल्यावर बेसूर लागते ती यामुळे. तेव्हा पहिल्या दोन-तीन गाण्यांत गायक सारखा खुंट्या पिळताना दिसला तर तयारी कमी पडली असं समजू नका. तंबोरे जुळवताना आपण धीर धरतोच की.

नव्या तारांचा प्रश्न निराळा. जुन्या तारांचा आवाज बोजड होतो म्हणून बरेच जण कार्यक्रमाच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी तारा बदलतात. नवी तार खुंटीवरच्या वेढ्यांत नीट बसेपर्यंत उतरत राहते. ती हाताने ओढून, पुन्हा सुरात आणून, पुन्हा ओढून बसवावी लागते. एका तारेला तीन-चार वेळा हे करावं लागतं. घाईत हे राहून गेलं की दुसऱ्या गाण्यात कळतं.

कॅपो हा दुसरा खोडकर प्राणी. ही चिमटी पडद्यामागे सगळ्या तारा दाबून धरते आणि एकेका पडद्याला गाण्याची पट्टी अर्ध्या सुराने वर जाते. पण दाबताना ती तारा किंचित ताणते, म्हणून कॅपो लावल्यावर तारा थोड्या चढतात, जाड तारा जास्त. जाणकार वादक कॅपो लावल्यावर एकदा आणि काढल्यावर पुन्हा तपासतो. पायाशी असलेलं ट्यूनर पेडल दाबलं की गिटारचा आवाज स्पीकरकडे जाणं थांबतं आणि सूर फक्त छोट्या दिव्यांवर दिसतो. गायक खाली बघून गप्प झाला, हात चालतोय पण ऐकू काही येत नाही, तर तो नेमकं हेच करत असतो. मधल्या गप्पा, किस्से, विनोद बरेचदा या अर्ध्या मिनिटासाठीच राखून ठेवलेले असतात. हात तारा लावतो आणि तोंड लोकांना धरून ठेवतं. दोन्ही एका वेळी जमणं ही वेगळीच कला आहे.

खरी गंमत वेगळ्या जुळवण्यांची. डी, ए, डी, जी, ए, डी ही जुळवणी घ्या. नेहमीच्या जुळवणीतून तिथे जायला तीन तारा, म्हणजे बारीक तारेपासून मोजून पहिली, दुसरी आणि सहावी, प्रत्येकी एक पूर्ण सूर उतरवाव्या लागतात. नुसत्या उतरवून भागत नाही. खुंटीजवळच्या खाचेत तार अडकते, म्हणून ती हव्या त्या सुराच्या खाली नेऊन मग वर आणतात. तरीही ताण कमी झालेली तार पुढची काही मिनिटं हळूहळू चढत राहते. कॅनडाच्या गायिका-गीतकार जोनी मिचेल यांनी लहानपणीच्या पोलिओमुळे डावा हात कमजोर झाल्यावर पन्नासहून जास्त जुळवण्या शोधल्या आणि त्यांच्या गाण्यांचा वेगळा रंग त्यातूनच आला. इंग्लिश गायक-गीतकार निक ड्रेक यांच्या मोजक्या कार्यक्रमांत दर गाण्याआधीचा जुळवणीचा लांब वेळ प्रेक्षकांना जड जाई. म्हणून गायक एकतर दोन-तीन गिटारी वेगवेगळ्या जुळवणीत लावून स्टँडवर ठेवतो, नाहीतर एका जुळवणीतली गाणी सलग घेतो. गाण्यांचा क्रम भावनेने ठरतो असं आपल्याला वाटतं. तो बराचसा खुंट्यांनी ठरवलेला असतो.

फर्माईश करायची असेल तर हे लक्षात ठेवा. गायक नाही म्हणतो तेव्हा त्याला गाणं आवडत नाही असं नसतं, गिटार त्या घडीला दुसऱ्याच जुळवणीत असते. योग्य वेळ म्हणजे त्याने गिटार बदलली किंवा कॅपो काढला तो क्षण, किंवा मुख्य भाग संपवून तो पुन्हा मंचावर आला तेव्हा. गाण्याचं नाव एकदाच, स्पष्ट. चार वेळा ओरडलं की त्या गाण्याची शक्यता कमी होते, हे माझं ठाम मत.

गळ्यात तारेच्या चौकटीत हार्मोनिका असेल तर गणित आणखी वाढतं. साधी दहा भोकांची हार्मोनिका एकाच पट्टीची असते, म्हणून बाजूच्या टेबलावर पाच-सात मांडलेल्या दिसतात. जी कॉर्डच्या आकारात दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावला तर गाणं ए पट्टीत जातं. मग साध्या सुरावटीसाठी ए ची हार्मोनिका लागते, आणि ब्लूजसारखे वाकवलेले सूर हवे असतील तर डी ची. अंधारात चुकीची उचलली गेली की पहिल्याच फुंकरीला सगळ्या सभागृहाला कळतं. बहुतेक गायक हसून दुसरी घेतात.

कॅपोवरून आणखी एक गोष्ट ओळखता येते, आणि जुन्या चाहत्यांना ती पकडायला आवडते. वय वाढलं की गळा वरच्या सुरांना पोचत नाही. पूर्वी चौथ्या पडद्यावर कॅपो लावून गायलेलं गाणं आता दुसऱ्या पडद्यावर असतं, म्हणजे एक पूर्ण सूर खाली. बोटांचे आकार तेच, पट्टी वेगळी. काही जण अख्खी गिटारच अर्धा सूर उतरवून लावतात. त्यात कमीपणा काही नाही. उलट खालच्या पट्टीत शब्दांना वजन येतं.

तार तुटते तेव्हा काय होतं? बहुधा ती घोडीवर टेकते तिथे किंवा खुंटीपाशी तुटते. अकूस्टिकवर तिसरी तार जास्त दगा देते, कारण तिला वरून वेढे असले तरी आतली तार फार बारीक असते. एक तार गेली की एकूण ताण कमी होतो, मान किंचित सैलावते आणि उरलेल्या पाच तारा थोड्या चढतात. म्हणून ‘पाच तारांवर गा की’ असं ओरडणं सोपं, करणं अवघड. दुसरी गिटार असेल तर अदलाबदल वीस सेकंदांत होते. नसेल तर तार बदलून, ओढून, जुळवायला तीन-चार मिनिटं जातात. या वेळात काही गायक गिटारशिवाय एखादं गाणं म्हणतात, आणि ते नेमकं लक्षात राहतं.

आवाज तारेपासून आपल्यापर्यंत कसा येतो, हेही थोडं पाहू. बहुतेक अकूस्टिक गिटारांत घोडीच्या पट्टीखाली पिकअप, म्हणजे तारांचा दाब ओळखून त्याचा विजेचा सिग्नल करणारा तुकडा, बसवलेला असतो. त्याचा आवाज स्पष्ट पण थोडा टणटणीत, प्लॅस्टिकसारखा येतो, विशेषतः जोरात ठोकून वाजवल्यावर. त्याचा क्षीण सिग्नल गिटारच्या आतला छोटा प्रीअँप वाढवतो आणि तो सहसा ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. केबल खोचली की बॅटरी सुरू, काढली की बंद. रात्रभर केबल खोचलेली राहिली तर दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाच्या मध्यात आवाज आधी फाटतो, मग बारीक होतो आणि मग जातो. गाण्याच्या मधोमध असं ऐकू आलं तर संशय आधी बॅटरीवर, मग केबलवर. गिटारपासून पुढे पायाशी डीआय नावाचा डबा असतो. तो सिग्नल लांब केबलमधून खरखर न होता मिक्सरपर्यंत जाईल असा करून देतो.

काही जण पिकअप सोडून गिटारसमोर माइकच लावतात. आवाज जास्त खरा येतो, पण गायकाला जागेवरून हलता येत नाही आणि सभागृहही शांत लागतं, कारण माइकमध्ये आजूबाजूचंही सगळं जातं.

मध्येच घूं असा वाढत जाणारा आवाज येतो तो फीडबॅक. गिटारचा डबा स्वतःच एक पोकळ पेटी आहे. मोठ्या आकाराच्या गिटारच्या आतली हवा सेकंदाला सुमारे १०० कंपनांच्या आसपास आपोआप घुमते. स्पीकरमधून तोच सूर परत येऊन पेटीवर आदळला की चक्र सुरू होतं. उपाय तीन: गिटारच्या भोकात रबरी झाकण बसवणं, मिक्सरवर नेमका तो सूर कापणं, किंवा प्रीअँपवरचं फेज, म्हणजे आवाजाची लहर, उलटवायचं बटण दाबणं. गायक एक पाऊल बाजूला सरकला तरी कधीकधी भागतं. कर्कश शिट्टी आली तर ती बहुधा गाण्याच्या माइकची. असे माइक समोरचा आवाज घेतात आणि पाठीमागचा टाळतात, म्हणून मॉनिटर माइकच्या पाठीकडे ठेवतात. गायकाने माइकची जाळी मुठीत धरली किंवा माइक मॉनिटरकडे वळवला की हा बंदोबस्त मोडतो आणि शिट्टी वाजते. दर वेळी मागे वळून मिक्सरवाल्याकडे रागाने बघायचं कारण नाही.

शब्द ऐकताना आणखी एक लक्षात येईल. गायक माइकच्या अगदी जवळ आला की त्याचा आवाज खोल आणि ऊबदार होतो. या माइकचा तो गुणच आहे. कुजबुजीच्या ओळीला जवळ येणं आणि वरच्या सुराला थोडं मागे सरकणं हे अनुभवी गायक सवयीने करतो. नवखा तिथेच चिकटून राहतो, मग ‘प’ आणि ‘फ’ला स्पीकरमधून फटाके फुटतात.

टाळ्यांचा विषय नाजूक आहे. गाण्याबरोबर ठेका धरणं म्हणजे प्रेम, हे मान्य. पण हिशोब करून बघा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ३० मीटर मागे बसलेल्याला गिटार ऐकू यायला एक सेकंदाचा बारावा भाग जातो आणि त्याची टाळी मंचावर पोचायला आणखी तेवढाच. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे मागची टाळी गायकाला मात्रेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी उशिरा ऐकू येते. पुढच्यांची टाळी वेळेवर, मागच्यांची मागाहून, आणि गर्दीला लय वाढवायची खोड. बँड असता तर ड्रमने ही सगळी खिचडी दडपली असती. इथे बिचाऱ्याच्या हातात सहा तारा. गायकाने स्वतः टाळी मागितली तर जरूर वाजवा आणि त्याच्या पायाकडे बघून वाजवा, कानावर विसंबू नका. अमेरिकी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन १९९५ ते १९९७ दरम्यान एकटे गिटार घेऊन फिरले तेव्हा ते प्रेक्षकांना शांत राहायला आणि सोबत टाळ्या न वाजवायला सरळ सांगत. अमेरिकेतल्या नॅशव्हिलमधलं ब्लूबर्ड कॅफे १९८२ मध्ये सुरू झालं. तिथे जेमतेम नव्वद खुर्च्या आहेत आणि गाणं चालू असताना बोलणाऱ्याला गप्प करणं हा त्या जागेचा प्रसिद्ध नियमच आहे.

फोन नुसता सायलेंटवर ठेवून पुरत नाही. लाकडी बाकावर तो थरथरला तर चार रांगांना ऐकू जातं. एअरप्लेन मोड लावा. चित्रीकरणाला परवानगी असेल तर एखादं गाणं घ्या आणि ठेवून द्या. त्याआधी पडद्याचा उजेड अगदी कमी, फ्लॅश बंद, कोपरं छातीशी टेकवलेली आणि फोन छातीच्या उंचीवर, म्हणजे मागच्याला मंच दिसतो. काळ्या मंचावर एकाच दिव्यात चेहरा असतो, तेव्हा कॅमेरा आपणहून चेहरा पांढराफटक करतो. चेहऱ्यावर बोट दाबून धरून एक्सपोजर लॉक करा आणि थोडं खाली ओढा. आवाजाबाबत फार आशा नको. फोन हळू भागात आवाज वाढवतो आणि मोठा आला की दाबतो, त्यामुळे गाण्यातला चढउतारच सपाट होतो.

कानांना धोका इथे बँडच्या मानाने बराच कमी. ८५ डेसिबलला आठ तास ही सर्वसाधारण मर्यादा धरली, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९४ डेसिबलला एकच तास. एकट्या गायकाच्या कार्यक्रमात खरी भीती शेजाऱ्याने कानाशी मारलेल्या शिट्टीची. बोळे वापरायचेच तर फिल्टरवाले घ्या. साधे फोमचे बोळे ‘स’, ‘त’, ‘च’ आधी खातात आणि कविता ऐकूच येत नाही.

जायच्या आधी नव्या गाण्यांचे शब्द एकदा वाचून ठेवा. जुनी गाणी आपल्याला पाठ असतात, पण नव्या गाण्यात पहिल्याच ऐकण्यात चाल आणि शब्द दोन्ही पकडता येत नाहीत.

शेवटी कधीकधी गायक गिटारची केबल काढतो, माइक सोडतो आणि मंचाच्या कडेवर येऊन तसाच गातो. दोनशे-तीनशे खुर्च्यांच्या बंदिस्त सभागृहात हे चालतं, पण एसीचा पंखासुद्धा तेव्हा मोठा वाटतो. इथे बॅग उचलू नका, जॅकेटची चेन लावू नका. आणि टाळी कधी, हे त्याच्या उजव्या हाताकडे बघून ठरवा. शेवटची कॉर्ड छेडून हात हवेत थांबला असेल तर तार अजून वाजतेय. तळवा तारांवर टेकला की गाणं संपलं.